बुडखा ठेवलेली भाजी

कुळीच्या भाजीची जुडी आता मी बुडख्यासकट घरी आणते. खालून पांढरी, माती लागलेली, वेडीवाकडी. कळंबच्या ज्या रिसॉर्टला मी शनिवारी रानभाजी पोचवते, तिथल्या आचाऱ्याने मध्यंतरी कुरकुर केली, की ताई, पूर्वी कशी छान कापून, नीट बांधून आणायचात, आता हे काय. मी त्याला म्हटलं, घ्यायची तर अशीच घे, नाहीतर राहू दे. जरा तुसडेपणानेच म्हटलं. कारण सांगायचं तर आषाढातल्या त्या संकष्टीपासून सांगावं लागलं असतं.

मी मूळची शिळफाट्याची. हायवेच्या कडेला, टेंपो आणि टपऱ्यांच्या गर्दीत वाढले. लग्न होऊन कर्जतहून कोंडाण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या या गावात आले, तेव्हा हिरवं ते सगळं मला गवतच दिसायचं. पहिल्या वर्षी बांधावरचा टाकळा पाहून, इथे एवढी मेथी कुणी पेरली, असं मी विचारलं होतं. तो प्रश्न पुढे पाच वर्षं मला ऐकवला गेला. मला कुणी हसलेलं सोसत नाही. त्या रागातच मी झाडं शिकायला घेतली.

शिकवलं एका ठाकरीण मावशीने. मावशी म्हणजे नात्याची नव्हे. ती डोंगराच्या पायथ्याच्या ठाकरवाडीत राहते, पावसाळ्यात टोपलीभर रानभाजी घेऊन कर्जतच्या बाजाराला उतरते आणि जाता-येता आमच्या ओटीवर पाणी प्यायला टेकते. टाकळ्याची पानं सांजावलं की मिटतात, हे तिने मला बांधावर उभं करून दाखवलं. कुर्डू, माका, भुईआवळी, आघाडा, जे मी तण म्हणून उपटून फेकत होते, त्यातलं खायचं कुठलं, केसांना कुठलं आणि काविळीला लोक देतात ते कुठलं, हे तिनेच सांगितलं. भारंगी उकडून पहिलं पाणी ओतून द्यायचं, नाहीतर कडू जहर. शेवळं करायची तर काकडाची आंबट फळं सोबत हवीतच, नाहीतर घसा धरून बसावं लागतं. एकदा विळ्याने माझं बोट चांगलंच कापलं, तेव्हा तिने बांधावरचा दगडी पाला तळहातावर चोळून त्याचा रस जखमेवर पिळला. मला झोंबलं, पण रक्त थांबलं.

एका बाबतीत मात्र ती फार कडक होती. कुळी ही गवतासारख्या लांब पानांची भाजी. ती विळ्याने कापायची नाही. जमिनीलगत हात घालून झुबका धरायचा आणि हलकेच ओढायचा. कंद मातीत राहतो, पुढच्या वर्षी पुन्हा फुटतो, आणि पानांबरोबर खालचा पांढरा बुडखा हातात येतो. तो बुडखा घरी येईपर्यंत तोडायचा नाही. वाडीतल्या बायका अशाच जुड्या आणतात आणि निवडायला बसल्या की एकमेकींच्या जुड्यांची बुडं उलटून बघतात. "पान फसवतं, बूड फसवत नाय," असं मावशी म्हणायची.

कारण कुळीच्या झुबक्यात कधीकधी कळलावी उगवते. श्रावणात कुंपणावर चढून लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलते ती. फुलल्यावर कुणीही ओळखेल, पण कोवळी असताना तिची पानंही लांब, हिरवी, टोकदार असतात. फरक एवढाच, की कुळीची पानं थेट जमिनीतून येतात आणि कळलावीला कोंब असतो, त्या कोंबावर पानं असतात आणि पानाचं टोक आकड्यासारखं वळतं. सगळं झाडच विषारी. घरात आणली तर भांडणं लागतात म्हणून आमच्याकडे कुणी तिला हात लावत नाही. आणि पूर्वी बाई अडली तर कळा याव्यात म्हणून तिचा कंद उगाळून बाहेरून लावायचे, हेही मावशीनेच सांगितलं होतं. ते ऐकताना मला काही वाटलं नव्हतं.

पुढे मी शहाणी झाले. रिसॉर्टवाले रानभाजी मागू लागले, पाहुण्यांसमोर मला उभं करून 'या आमच्या रानभाजीवाल्या ताई' म्हणू लागले. मी टाकळा आणि मेथी यांतला फरक मुंबईच्या बायकांना समजावून सांगायची आणि त्या फोनवर माझं बोलणं टिपून घ्यायच्या. त्यांच्या आचाऱ्याला मातीची जुडी नको असायची. मग मी शेतातच विळ्याने कुळी कापायला लागले, बुडखे तिथेच टाकून वरची हिरवी पानं सारखी करून बांधायला लागले. मावशीने एकदा ती जुडी हातात घेतली, उलटून बघितली आणि परत दिली. मी मनात म्हटलं, हिचं आपलं जुनं काहीतरी.

आता धाकट्या जावेबद्दल सांगायला हवं. आमचं घर दोन भावांचं. दोघेही खोपोलीकडे कंपनीत कामाला, सकाळी डबे घेऊन जातात ते संध्याकाळी येतात. सासू-सासरे नाहीत. धाकटी जाऊ खालापुरातल्या डोंगराकडच्या गावची, माझ्याहून सहा वर्षांनी लहान, कमी बोलणारी. त्या आषाढाच्या आदल्या वर्षी आमचं फार वाजलं होतं. कशावरून, ते सांगण्यासारखंही नाही. मी नको ते बोलले. तिचं पहिलं बाळ तिसऱ्या महिन्यात गेलं होतं, तरी मी बोलले. चुली वेगळ्या झाल्या, चार महिने एका घरात दोन कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. मग तिला पुन्हा दिवस राहिले. माझ्या नवऱ्याने एके दिवशी माझा गॅस उचलून तिच्या शेगडीशेजारी नेऊन ठेवला आणि आम्ही दोघींनी एकत्र स्वयंपाक सुरू केला. आषाढात तिला सहावा महिना होता.

त्या दिवशी संकष्टी. मला उपास, तिला डॉक्टरांनी उपास करू नकोस म्हणून बजावलेलं. भाऊ दोघे भेंडीचे डबे घेऊन गेले आणि मग ती म्हणाली, कुळी खावीशी वाटतेय. तिने आपणहून माझ्याकडे काही मागितलं, ते वर्षभरातलं पहिलंच. मी इतकी हरखले की चहा अर्धा टाकून शेताच्या कुंपणाकडे गेले. पाऊस भुरभुरत होता. विळा हातात होताच. हाताला सवय रिसॉर्टची. भराभर कापली, बुडखे तिथेच टाकले, पानं सारखी करून जुडी बांधली आणि अर्ध्या तासात घरी आले.

भाजी मीच धुतली. निवडायला बसणार तोच ती म्हणाली, द्या, मी चिरते, तुम्ही तुमची साबुदाण्याची खिचडी टाका. तिने मूगडाळ घालून भाजी केली. भाकरीबरोबर दोनदा वाढून घेतली आणि ताट पुसून खाल्लं. मी समोर बसून खिचडी खात तिच्याकडे बघत होते. मला फार बरं वाटत होतं.

जेवण झाल्यावर ती आत जाऊन पडली. मी मागचं आवरलं आणि भाजीचा निवडलेला कचरा कागदासकट उचलून गाईपुढे टाकायला गोठ्यात गेले. कागद उपडा करणार, तेवढ्यात एक पान दिसलं. इतर पानांहून जरा रुंद आणि टोकाला वळलेलं, लहानशा आकड्यासारखं.

ते मी उचललं. टोक सरळ करून बघितलं, सोडलं की पुन्हा वळत होतं. गाय मान पुढे करून कागद हुंगत होती, तिला मी ढकललं. पहिला विचार आला तो असा, की हे एक पान कचऱ्यात पडलं, म्हणजे बाकीची भाजीत गेली. एका कोंबाला एकच पान नसतं.

घरात आले. तिच्या खोलीच्या दाराशी उभी राहिले. ती डाव्या कुशीवर, एक हात पोटाखाली घेऊन पडली होती, पंखा चालू होता. मला फक्त तिला हलवून, ऊठ, आपल्याला दवाखान्यात जायचंय, एवढं म्हणायचं होतं. तसं मी केलं नाही. मी न्हाणीपाशी जाऊन फोनवर कळलावी शोधलं. वाचलं ते सगळं मला इथे लिहायचं नाही. काही तासांनी उलट्या सुरू होतात, एवढं वाचून मी फोन बंद केला. पावणेएक वाजला होता. ती बाराला जेवली होती.

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला तिच्या बाळाची जेवढी भीती वाटली, तेवढीच माझी वाटली. लोक काय म्हणतील ते मला आधी ऐकू आलं. भांडण झालं होतं ना यांचं, मग मोठीने कळलावी घातली धाकटीला. रानभाजीवाली ताई ना ती, तिला कळलं नाही असं कसं म्हणता. माझा दीर काय म्हणेल, नवरा माझ्याकडे कसा बघेल. हे असले विचार मला आले, आणि ती आत झोपली होती.

मग मी स्वतःची समजूत काढली. कदाचित ती कळलावी नसेलच. मावशी एका नजरेत सांगेल. तिने 'नव्हे' म्हटलं की संपलं, मग कुणाला काही सांगायलाच नको. मी कचरा कागदात गुंडाळून पिशवीत घातला, स्कूटरची किल्ली घेतली. जाऊ जागी झाली होती. कुठे निघालात, तिने विचारलं. दूर्वा आणते, मी म्हटलं.

वाडीकडचा रस्ता अर्धा डांबरी, पुढे चिखल. स्कूटर दोनदा घसरली. कोंडाण्याच्या अलीकडे एका आंब्याखाली ती लावून मी पायवाट चढले. दर दोन मिनिटांनी मी फोन काढून बघत होते, आणि रेंज केव्हाच गेली होती. ती उठून मला फोन लावत असेल तर, पोटात दुखतंय म्हणून सांगत असेल तर, आणि मी इथे चिखलात. मागे फिरावंसं वाटे आणि पाय पुढे चालत. वाटेच्या दोन्ही बाजूंना तेच सगळं उगवलं होतं, ज्याची नावं मी लोकांना ऐटीत सांगायचे. त्या दिवशी त्या हिरव्याकडे बघवेना. प्रत्येक पानाला टोक होतं आणि प्रत्येक टोक मला वळलेलं दिसत होतं.

मावशी घरातच होती, उंबऱ्याशी बसून बी निवडत होती. मी काही न सांगता तिच्यापुढे कागद उलगडला. तिने कचरा बोटांनी पसरला. एक पान बाजूला काढलं. मग दुसरं. मग तिसरं. तिला विचारायची गरजच नव्हती, तरी मी विचारलं.

"तीच हाय," ती म्हणाली. मग पुन्हा सगळा कचरा चाळला, कागद झटकला. "शेंडा कुठं हाय? ही पानं शेंड्याखालची. कवळा शेंडा यात नाय."

मी म्हटलं, शेंडा नसेल तर तो भाजीत गेला असेल. मी सगळं सांगून टाकलं, विळ्याने कापल्याचंही. ती मला रागावली नाही. रागावली असती तर सोसलं असतं. मी म्हटलं, काहीतरी पाला दे, काढा दे, तुला सगळं माहीत असतं.

"याला माझ्याकडं काय नाय," ती म्हणाली. "खाल्लंय कुणी?"

जाऊ, मी म्हटलं. सहावा महिना.

"तिला ठाव हाय?"

मी मान खाली घातली. मावशी उठली, पदर खोचला आणि माझ्या आधी पायवाटेला लागली. स्कूटरवर मागे बसली आणि दोन्ही हातांनी माझे खांदे घट्ट धरून ठेवले.

घरी पोचलो तेव्हा पावणेतीन झाले होते. जाऊ ओटीवर बसून तांदूळ पाखडत होती. ती बसलेली, हात हलवणारी दिसली तेव्हा मी तिथेच पायरीवर बसले. तिने मावशीकडे बघितलं, माझ्या चिखलाच्या पायांकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, दूर्वा मिळाल्या का. मी रडायलाच लागले. रडत रडत सांगितलं. कुळीत कळलावी आली, मी बुडखे शेतातच तोडले, पानं कचऱ्यात सापडली, शेंडा सापडत नाही.

तिने सूप खाली ठेवलं. पोटावर हात ठेवला.

"शेंडा मी न्हाणीच्या चुलीत घातला," ती म्हणाली. "पानंबी घालणार व्हते, तेवढ्यात भाताला उकळी आली, ती कागदावरच राह्यली."

मला आधी समजलंच नाही. मावशीला समजलं. ती तिथेच ओटीवर बसली आणि तिने डोळे मिटून घेतले. मग थोडं थोडं करून जावेने सांगितलं. चिरायला घेतली तेव्हाच कोंब तिला दिसला होता. डोंगराकडची मुलगी, तिला लहानपणापासून ओळख. तिने एकेक पान उलटून पालटून बघितलं होतं आणि मगच विळीवर धरलं होतं. आणि हे काही त्या दिवसापुरतं नव्हतं. मी जुड्या कापून आणायला लागल्यापासून माझी प्रत्येक भाजी ती गुपचूप पुन्हा निवडत होती.

मग मला का नाही सांगितलंस, मी जवळजवळ ओरडलेच. एवढी धावाधाव केल्यावर माझ्यातला तो राग उसळून वर आला. ती म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्हाला हसल्यासारखं वाटलं असतं, आणि पुन्हा चुली वेगळ्या झाल्या असत्या.

नजरचुकीने एखादं पान गेलं असेल तर, म्हणून मावशीने आम्हाला कर्जतच्या दवाखान्यात पाठवलंच. डॉक्टरांनी ती तीन पानं बघितली, सकाळपर्यंत ठेवून घेतो म्हणाले. मी तिच्या कॉटशेजारच्या स्टुलावर बसून होते. तिने कूस बदलली तरी मी उठून उभी राहायची. पाणी मागितलं तरी भीती, मागितलं नाही तरी भीती. सकाळी डॉक्टरांनी तपासलं, बाळाचे ठोके ऐकवले आणि घरी जा म्हणाले. तिला काहीही झालं नव्हतं. आश्विनात मुलगी झाली. परवा ती रांगत रांगत कुळीच्या जुडीपर्यंत पोचली, तेव्हा आम्ही दोघी एकदमच धावलो.

आता आम्ही भाजी एकत्र निवडतो. ती माझ्यासमोर जुडी उलटते, बुडं बघते, मग तिची जुडी मी बघते. मला त्यात अपमान वाटत नाही. उलट तिने न बघता एखादी जुडी बाजूला ठेवली, तर मी ती पुन्हा तिच्यापुढे सरकवते. दोघी घाबरतो आणि दोघी तसं बोलूनही दाखवतो.

पण एक गोष्ट निवडून टाकता येत नाही. दवाखान्यातून परत येताना रिक्षात ती बाहेर बघत होती. मी तिला म्हटलं, देवाची कृपा, तू शेंडा काढलास. तिने मान हलवली. मग बोलली, तेही माझ्याकडे न बघता.

"दूर्वा अंगणातच हायेत, ताई. तुमी स्कूटर काढलीत तवाच मला कळलं, कायतरी झालंय. पण ते माझ्या ताटातलं हाय, असं नाय वाटलं. शेंडा मी काढला व्हता, हे तुमाला कुठं ठाव व्हतं? तरी मला न सांगता तुमी दोन तास वाडीला जाऊन आलात. मी भिंतीपलीकडंच व्हते."

रिक्षा आमच्या फाट्यावर वळली. तो विषय तिने पुन्हा कधी काढला नाही.